शेजारच्या सीटचा ब्रेक

सोमवार, ८ जानेवारी

अहो,

स्वतःचा फोन बंद ठेवायचा, आणि मी वन्संच्या फोनवर केला की त्यांच्याकडून "वहिनी, तो झोपलाय" असं वदवून घ्यायचं, हे मला कळत नाही असं समजू नका. सकाळी अकराला झोपलाय, दुपारी चारला झोपलाय, दिवेलागण झाली तरी झोपलाय. लग्न झाल्यापासून सगळं मिळून तुम्ही एवढे झोपला नसाल. म्हणून हे पत्र. पत्राला झोपलाय म्हणून परत पाठवता येत नाही. शिवाय वन्सं ते वाचल्याशिवाय तुमच्या हातात देणार नाहीत, म्हणजे निदान एक माणूस तरी वाचेल. वन्सं, नमस्कार. गुडघ्याला शेक देताय ना?

मी चिडले आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या गाडीने त्या टेलरबाईंना धडक दिली तेव्हा तुम्ही आत होतात, म्हणून नाही चिडले. त्यानंतर घरी येऊन तुम्ही तोंडाला कुलूप लावलंत, म्हणूनही नाही. ती सवय मला जुनी आहे. एक दिवस उठून बॅग भरलीत आणि "ताईकडे जातो थोडे दिवस" म्हणून बसने निघून गेलात, तेही मी गिळलं. पण तुम्ही त्या गाडीच्या कंपनीला "माझा डोळा लागला होता" असं सांगितलंत, आणि ते मला कंपनीच्या माणसाच्या तोंडून कळलं, हे मला पचत नाही.

तोच तो टायवाला. काल आला होता. आपल्या पुढच्या खोलीत, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याखाली बसला आणि म्हणाला, "सरांनी मोठ्या मनाने कबूल केलंय, मॅडम. आता फक्त सही हवी." कागद दाखवला. कामावर असताना डोळा लागला, गाडीने वेळेवर सूचना दिली, तरी ताबा घेता आला नाही. खाली तुमच्या सहीला जागा. सही केली तर कंपनी टेलरबाईंच्या दवाखान्याचं सगळं बघणार आणि तुमच्यावर दावा लावणार नाही. लायसन्स जाईल, शिकवायचा परवानाही जाईल, "पण सरांना आता विश्रांतीच हवी, नाही का?" मी त्याला चहा दिला, साखर न घालता. त्याने तो शेवटपर्यंत प्यायला, म्हणजे माणूस पक्का निर्ढावलेला आहे.

मी त्याला विचारलं, गाडी स्वतः चालत होती ना, मग तिने काय केलं? तर म्हणाला, "गाडीने वेग कमी केला होता. समोर काय आहे ते तिला नक्की ओळखता येईना, म्हणून तिने नियमाप्रमाणे ताबा सरांकडे दिला. गाडीने तिचं काम केलं." घोळ घालून झाला की दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा, याला त्यांच्यात काम म्हणतात.

आणि तुम्ही आणि गाडीत झोप? वन्संच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो ती रात्रीची बस आठवते? अख्खी बस घोरत होती आणि तुम्ही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर डोळे ताणून बसला होतात. प्रत्येक वळणावर उजवा पाय खाली दाबत होतात. सकाळी टाच सुजली होती, बूट हातात धरून मांडवात आलात. आपल्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक असतो, ते ठीक आहे. तुम्ही तो लोकांच्या गाडीतही शोधता. माझ्या भावाच्या गाडीतली चटई तुमच्या टाचेने फाटली आहे. असा माणूस भर दुपारी रस्त्यावर झोपला, हे तो टायवाला मला सांगतो आणि मी मान डोलवायची.

तुम्ही झोपला नव्हतात. खोटं का बोललात ते मला कळवा. अपघाताची चौकशी एकोणतीस तारखेला आहे. त्याआधी कशावरही सही करू नका.

तुमची,
मी

ता. क. कुंडीतलं लिंबू तुम्ही गेल्यापासून रुसलं आहे. पाणी घालते तरी पानं टाकतंय. घरात एक रुसलेला पुरेसा होता.


सोमवार, १५ जानेवारी

अहो,

तुमचं उत्तर मिळालं. "राखाडी स्वेटर पाठव. सही मी करणार आहे. क्लासची काळजी घे." संपलं. मी दोन पानं लिहायची आणि तुम्ही तीन वाक्यांत मला वाटेला लावायचं.

स्वेटर पाठवत नाही. थंडी वाजली की घरी या.

क्लासचं म्हणाल तर सगळं ठीक आहे. असं लिहिलं, पण ते खरं नाही. सकाळच्या बॅचमधले दोघेच उरले आहेत. त्यातले एक म्हणजे आपले रिटायर झालेले कॅशियरसाहेब, ते मागे घेतलेले पैसे मोजायचा कंटाळा येतो म्हणून राहिले असावेत. परवा एक आई मुलीचं नाव काढून घ्यायला आली. पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते झोपणारे सर तुमचेच ना?" मी काय सांगणार? तुम्हीच कबूल केल्यावर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? मी तिला नाव काढून दिलं आणि दार लावून भांडी घासत बसले. स्वच्छ भांडी परत घासली.

मला सारखा तुम्हाला ती नोकरी लागली तो दिवस आठवतो. कंपनीची माणसं सगळ्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये फिरत होती. गाडी आपणहून चालणार, आपण चालकाच्या जागी हात मांडीवर ठेवून बसायचं, आणि गाडी अडली तर ताबा घ्यायचा. "आम्हाला ड्रायव्हर नकोत," ते म्हणाले होते, "ड्रायव्हरला राहवत नाही, तो सारखं स्टिअरिंग धरतो. आम्हाला शिक्षक हवेत." आपण दोघंही गेलो होतो. पडद्यावर रस्त्याची चित्रफीत दाखवली आणि हातात बटण दिलं. जिथे ताबा घ्यावासा वाटेल तिथे दाबा. मी उभ्या टेम्पोचं दार जरा हललं तर दाबलं, फुटपाथवर चेंडू दिसला तर दाबलं, म्हातारा नुसता कडेला येऊन उभा राहिला तर दाबलं. तुम्ही इतक्या उशिरा दाबलंत की तोवर माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला नापास केलं आणि शेऱ्यात लिहिलं, अधीर.

त्यानंतर किती दिवस तुम्ही मला अधीरबाई म्हणत होतात. दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला तरी "आलं, अधीरबाईंनी ताबा घेतला." मला राग यायचा आणि हसूही यायचं. आता नुसता राग येतो.

आणि दर शुक्रवारच्या त्या मीटिंगा. जितक्या वेळा ताबा घेतला तितक्या वेळा उभं राहून सांगायचं, का घेतला. गाडीने नंतर हिशोब करून म्हटलं की मी सांभाळलं असतं, की तुमच्या नावापुढे लाल खूण. पहिल्या महिन्यात तुम्ही जेवताना मान खाली घालून सांगायचात, आज तीन लाल. मग दोन. मग एके दिवशी केक घेऊन आलात, एकही लाल नाही म्हणून. मी तेव्हा म्हणाले होते की तुम्हाला गाडीवर लक्ष ठेवायला घेतलंय की गाडीची मर्जी राखायला. तुम्ही म्हणालात, "अगं, तिलाही शिकू दे की." मी केक खाल्ला आणि विषय सोडला.

आता एक साधी गोष्ट विचारते. आरशावर तुमच्याकडे तोंड करून एक कॅमेरा होता ना? तुम्हीच सांगत होतात, नाक खाजवायचीही चोरी. मग तुम्ही झोपला असाल तर ते त्यात दिसत असेल. झोपलेल्या माणसाचा फोटो हातात असताना कोणी त्याच्या सहीसाठी बिनसाखरेचा चहा पितं का? मी टायवाल्याला फोन करून हेच विचारलं. म्हणाला, "मॅडम, त्या तांत्रिक बाबी आहेत." चोराच्या मनात चांदणं. तुम्ही सही केलीत की ती चित्रफीत कोणी मागणार नाही, एवढीच त्यांची तांत्रिक बाब आहे.

त्यांचं मला कळलं. तुमचं कळत नाही. त्यात असं काय आहे, जे तुम्हालाही कोणी बघायला नको आहे?

मी


शुक्रवार, १९ जानेवारी

अहो,

मी आज टेलरबाईंना भेटायला गेले होते. तुम्हाला विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही.

खिडकीजवळची खाट आहे. उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये, उशांवर उंच ठेवलेला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी स्टूल ओढून बसले. मग त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मशीनचं पेडल मी उजव्या पायाने मारते. डाव्याने शिवण सरळ येत नाही." मी म्हटलं, मीही उजव्यानेच सगळं करते. तेव्हा त्या वळल्या.

त्या गिऱ्हाइकाकडे कोट पोचवायला निघाल्या होत्या. लांब कोट, हँगरवर, वरून प्लास्टिकचं आवरण. खाली घासू नये म्हणून हात उंच करून धरलेला, त्यामुळे त्यांचं तोंड आणि अर्धं अंग त्याच्या आड. गाडीला काय दिसलं असेल ते आता माझ्या लक्षात येतं. प्लास्टिक उडतंय की माणूस चाललाय, तिला ठरवता येईना. त्या म्हणाल्या, "गाडी हळू झाली. मला वाटलं मला बघून थांबतेय, म्हणून मी पुढे गेले."

मी म्हटलं, "ते म्हणतात, त्यांचा डोळा लागला होता."

"कोण म्हणतं?" त्या एवढ्या जोरात बोलल्या की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "मी त्याला काचेतून बघितलंय. डोळे टक्क उघडे. माझ्याकडेच बघत होता. झोपला असता ना, तर मी म्हटलं असतं, माणूस आहे, झोप लागते. पण तो बघत होता, बाई. बघत होता आणि बोलत होता."

"फोनवर?"

"फोन कुठला. एकटाच होता. गाडीशी बोलल्यासारखा. दोनच शब्द, परत परत." आणि त्यांनी ओठ हलवून दाखवले, आवाज न काढता.

मी ओळखलं. तुमच्या हाताखालून गेलेल्या कोणालाही ओळखता आलं असतं. मला तिथे बसवेना. बाहेर येऊन बाकावर बसले, आणि तिथे मी रडले. सगळ्यांसमोर रडले, तुम्हाला आवडलं नसतं.

दिसलं ना. हेच म्हणत होतात ना तुम्ही? दुसरे शिक्षक ओरडतात, मीही ओरडते. तुम्ही कधी ओरडला नाहीत. समोर सायकल आली, पोर आलं, रिव्हर्स घेणारा ट्रक आला, तरी त्याच आवाजात, दिसलं ना? आणि मग उत्तराची वाट बघायची. पाय ब्रेकवर तयार, पण दाबायचा नाही. पोराने "दिसलं सर" म्हणून स्वतः वेग कमी केला की पाय मागे घ्यायचा. "आपण दाबला तर त्याला कसं दिसायला लागेल?" हे मी तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

तुम्ही त्या गाडीला विचारलंत. तिने वेग कमी केला, तुम्हाला वाटलं तिला दिसलं. परत विचारलंत. मग ती ताबा घ्या म्हणून ओरडली, तेव्हा टेलरबाई बॉनेटला टेकल्या होत्या.

हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत. झोपलेल्याला लोक माफ करतात, पण जागा असून थांबला त्याला कोण करणार, असं तुम्हाला वाटलं. बरोबर ना? मी काही तुमची चूक नव्हती असं म्हणणार नाही. दिसलं होतं तुम्हाला. दाबायला हवा होता. त्या बाईचा पाय आहे तो. पण झोपेच्या पांघरुणाखाली लपून बसणं ही दुसरी चूक आहे, आणि ती अजून व्हायची आहे.

त्या साक्षीला येणार आहेत. चाकाच्या खुर्चीवर बसून येईन म्हणाल्या. त्यांनी बघितलं ते त्या सांगणार. तुम्ही झोपलो म्हणणार. मग काय शोभा होईल ते बघा.

मी


मंगळवार, २३ जानेवारी

अहो,

उत्तर नाही. वन्संना फोन केला तर म्हणाल्या, "पत्र वाचलं आणि गच्चीत जाऊन बसला." बसा. मी लिहिते.

आज कॅशियरसाहेबांचा तास होता. ते गाडी अशी चालवतात की मागून लोक बैलगाडीला वाजवावा तसा हॉर्न वाजवतात. बाजाराच्या गल्लीत एका व्हॅनचं दार उघडायला लागलं. मी ओरडणारच होते, पण मुद्दाम तुमच्यासारखं विचारलं, दिसलं ना? आणि गप्प राहिले. ते काही बोलले नाहीत. पण त्यांची मान ताठ झाली, हाताची बोटं आवळली, खालचा ओठ दातात गेला. ते बोलायच्या आधीच मला कळलं की त्यांना दिसलंय. मग त्यांनी ब्रेक दाबला, इतका हळू की व्हॅनवाल्याने उतरून नमस्कार केला.

म्हणजे तुम्ही उत्तराची वाट बघत नव्हतात कधी. मान बघत होतात. आम्ही सगळेच तेच बघतो, आणि आम्हाला ते माहीतही नाही. त्या गाडीला मान कुठली? ती वेग कमी करते, पण दिसल्यामुळे की गोंधळल्यामुळे, हे तिच्या अंगावर कुठे उमटतच नाही. आणि असल्या गाडीत त्यांनी शोधून शोधून कोणाला बसवलं, तर सगळ्यात जास्त वाट बघणाऱ्याला. वर लवकर ताबा घेतला की सगळ्यांसमोर उभं करून विचारायचं, का घेतला. तुमचा पाय असा तयार केला त्यांनी, आणि आता म्हणतात डोळा लागला.

परतताना पुलापलीकडच्या क्लासचे टकलू मास्तर भेटले. ते अजून त्या गाडीत बसतात. मी सरळ विचारलं, तुम्ही गाडीशी बोलता का? आधी हसले. मग म्हणाले, "कोणाला सांगू नका. मी म्हणतो, सांभाळून गं बाळे. सगळेच काही ना काही म्हणतात, वहिनी. दिवसभर शेजारी बसलं की ती आपलीच विद्यार्थीण वाटायला लागते." मी म्हटलं, आणि ती चुकायला लागली की? तर हसायचे थांबले. "थांबतो जरा," म्हणाले. "शुक्रवार असतो ना."

आणि तुमच्या अपघातानंतर कंपनीने काय केलं, ऐका. सगळ्यांना एकेक थर्मास दिलाय. कॉफीचा. सरांचा डोळा लागला, तुमचा लागू नये. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मला तो थर्मास मास्तरांच्या हातातून घेऊन पुलावरून फेकावासा वाटला. त्यांनी तो मागे लपवला.

म्हणजे तुम्ही सही केलीत की हे एवढंच होणार. थर्मास. शुक्रवार तसाच, लाल खुणा तशाच, मास्तर तसेच थांबणार. पुढच्या वेळी कोणाच्या हातात काय असेल कोण जाणे. कोट असेल, छत्री असेल, नाहीतर कडेवर पोर असेल. तुमचं लायसन्स गेलं तर मी एकटी क्लास चालवीन, नाहीतर दोघं मिळून पाटी उतरवू, त्याचं मला काही वाटत नाही. काही वाटत नाही असं नाही, वाटतं. पण त्यासाठी मी एवढी जीव तोडून लिहीत नाहीये. जागं राहून थांबलेला माणूस तुम्ही एकटेच आहात ज्याला हे सांगता येईल. बाकीच्यांच्या नशिबाने अजून समोर काही आलेलं नाही.

टेलरबाईंकडे परत गेले होते. ते दोन शब्द काय होते, का होते, ते सांगितलं. त्या खूप वेळ प्लास्टरवरची धूळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हे त्याने येऊन सांगू दे. मी ऐकेन. माफ करीन असं म्हणत नाही." मला ते बरोबर वाटलं.

या. निदान फोन सुरू करा.

मी


रविवार, २८ जानेवारी

अहो,

तुमचं पत्र काल आलं. "तू त्यांच्याकडे जायला नको होतंस. मी जागा होतो. ते चार लोकांत माझ्या तोंडून निघणार नाही. कागदावर सही केली आहे, सोमवारी सकाळी कंपनीचा माणूस येऊन घेऊन जाईल."

मी ते ओट्याजवळ उभी राहून वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की हातातला पेला आपटला, तो फुटलाही नाही. दुसऱ्यांदा "मी जागा होतो" एवढंच वाचलं. इतक्या दिवसांत तुम्ही मला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. ती लिहिताना अक्षर ओळीच्या खाली गेलंय. मला तुमची फार आठवण येते. हे आधीच्या कुठल्याच पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही तेवढंच उत्तर दिलं असतंत आणि बाकीचं टाळलं असतंत.

तीन आठवडे मी काय करत होते ते आज कळलं. पत्र टाकायचं आणि वाट बघायची. माणूस शहाणा आहे, स्वतःच वळेल. मी बोलले तर त्याचं त्याला कसं कळणार. चार पत्रं मी दिसलं ना, दिसलं ना करत बसले, आणि तुम्ही वेग कमी करून सरळ खड्ड्याकडे निघालात. हे माझं काम नव्हे. मी त्या परीक्षेत नापास झाले होते ते काही उगाच नाही.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. वन्संच्या हातात दिलंय. समोर आले असते तर ओरडले असते आणि वन्संच्या शेजाऱ्यांना तमाशा झाला असता. तुम्ही हे वाचताय तेव्हा मी खाली रस्त्यावर आहे. आपली शिकवायची गाडी घेऊन आले. पहाटे निघाले. वाटेत दोनदा उगाच ब्रेक दाबला, मागच्यांनी शिव्या घातल्या.

तो सही केलेला कागद बरोबर आणा. उद्या टायवाल्याला तो मीच देईन, पण आधी तुम्ही चौकशीत उभे राहाल. मोठं भाषण नको. जागा होतो, दिसलं होतं, थांबलो, आणि का थांबलो. जीभ अडली तर ती चित्रफीत लावा म्हणा, त्यात तुमचे ओठ बोलतील. लायसन्स जायचं असेल तर जाऊ दे, पण ते जाण्याचं कारण खरं असू दे. टेलरबाई समोर असतील. त्यांच्याकडे बघून बोला. मी तुमच्या शेजारी बसेन आणि एक शब्द बोलणार नाही, हे मला किती जड जाणार आहे ते तुम्हाला माहीत आहे.

अपघातानंतर तुम्ही एकदाही गाडीत बसला नाहीत. बसमध्येही म्हणे सगळ्यात मागे, डोळे मिटून बसून आलात, वन्संनी सांगितलं. भीती वाटते ना? मलाही वाटते. तुम्हाला आज गाडी चालवायला सांगत नाही. मी चालवते. राखाडी स्वेटर मागच्या सीटवर ठेवलाय, थंडी आहे. तुमची नेहमीची जागा मोकळी आहे आणि तिथला ब्रेक मी काल तेल घालून घेतला. वाटेत कुठेही, कशानेही दाबावासा वाटला तर दाबा.

का दाबला, असं मी विचारणार नाही.

मी